आई सरबत पीत नाहीत

३ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहोत. फोनवर बोलायचं तर आईंच्या कानांचं तुम्हाला माहीतच आहे. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, त्यांच्याबद्दल कुजबुजलं की भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येतो. शिवाय फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. कागदावर निदान चौथ्या वाक्यापर्यंत तरी पोचता येईल.

गेल्या आठवड्यात आईंना सलाइन लावावं लागलं. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं, जणू मीच माठाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आहे. दिवसाला आठ ग्लास काही ना काही पोटात गेलंच पाहिजे म्हणाल्या. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडावर जाईल आणि मग घरी ठेवता येणार नाही, भरती करावं लागेल.

आई दोन ग्लासांवर अडून बसल्यात. पाणी नको, ताक नको, फळांचा रस नको. "माझ्या लेकीकडे जिऱ्याचं सरबत प्यायचे, तसं असेल तर दे." केलं. एक घोट घेतला, ओठ पुसले, "छान आहे हो" म्हणाल्या आणि ग्लास खिडकीत ठेवून दिला. पुढे "हो" लावून म्हटलेलं छान म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

इकडे माझ्याकडे शाळेच्या सभागृहाचे बावीस पडदे शिवायला आलेत. पंधरा मेला द्यायचेत. आईंचा एरवी काडीचा त्रास नाही, हे आधीच सांगते. गुडघ्यांमुळे एकट्या उठत नाहीत, पण सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा मी हात धरून बाथरूमला नेते, तेवढंच. मध्ये एकदासुद्धा हाक मारत नाहीत. पण हे न पिणं! माझा जीव मेटाकुटीला आलाय.

कृती पाठवा. नीट पाठवा.

तुमची वहिनी


७ एप्रिल

प्रिय वहिनी,

आईला सलाइन लागलं आणि मला आठ दिवसांनी पत्रातून कळतंय. दादाला फोन लावायला बोटं नाहीत का?

जिऱ्याच्या सरबतात न जमण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नाही. लिहून घे. जिरं वीस ग्रॅम, मंद आचेवर कोरडं भाजायचं. रंग बदलला की लगेच उतरवायचं, काळं व्हायची वाट बघत बसायचं नाही. मिरी दोन ग्रॅम. पादेलोण चार ग्रॅम, त्याच्यावर एक कण नाही, तिला रक्तदाब आहे. हिंग चिमूटभर, आणि चिमूट माझी, तुझी नव्हे. हे सगळं कुटून बाटलीत भरायचं. एका ग्लासाला त्यातली तीन ग्रॅम पूड, अर्धं लिंबू, दोन चमचे साखर, पुदिन्याची दहा पानं आणि आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा वाटून. माठातलं पाणी दोनशे मिली. गाळायचं. बर्फ घालायचा नाही. संपलं.

गेल्या उन्हाळ्यात ती दीड महिना माझ्याकडे होती. दुपारी मी दुकानातून जेवायला आले की पानावर बसायच्या आधी सरबत मागायची. तांब्याभर प्यायची. त्यामुळे सरबत पीत नाही हे मला पटतच नाही. तू करताना तुझं लक्ष पडद्यांत असणार.

तुझी नणंद


१२ एप्रिल

वन्सं,

"प्रिय" चुकून राहिलेलं नाही.

तुमच्यासारखा औषधांच्या दुकानातला काटा माझ्याकडे नाही. माझ्याकडे मोजायची टेप आहे. मिरी दोन इंच घालू का तीन? शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. त्याच्या काट्यावर दोन ग्रॅम मिरी टाकली तर काटा ढिम्म. म्हणाला, "बाई, एवढ्याने हा हलत नाही, पाव किलो घ्या." आता घरात पाव किलो मिरी आहे.

पहिल्या दिवशी मी पादेलोण समजून सैंधव घातलं, ते माझं चुकलं, कबूल. दुसऱ्या दिवशी पादेलोण आणून कुटलं, तर त्या वासाने तुमचे दादा सगळ्या खिडक्या उघडून गटार कुठे तुंबलंय ते बघायला जिना उतरून गेले. तिसऱ्या दिवशी सगळं तुमच्या कृतीबरहुकूम. आईंनी घोट घेतला. "पुदिना जरा जास्त झालाय." कमी केला. "यात पुदिना घातलास का ग?" मग लिंबू कडवट. मग फार गार. मग कोमट. मग "छान आहे हो." उरलेलं तुमचे दादा पितात आणि प्रत्येक वेळी "मस्त" म्हणतात. त्या माणसाला फडकं पिळून दिलं तरी मस्तच म्हणेल.

चार दिवसांत नऊ तऱ्हा केल्या. मला आता एकच वाटतंय. तुम्ही काहीतरी सांगायचं राखून ठेवलंय.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

राखून ठेवलंय म्हणजे काय? मी काय राखून ठेवणार? सरबत आहे ते, खजिन्याचा नकाशा नाही. इतक्या वर्षांत तू माझ्यावर पुष्कळ आरोप केलेस, पण हा अगदीच अंगाला लागला.

तुझ्या हाताचा भरवसा धरायचाच नाही, असं ठरवून मी स्वतः जिरं भाजलं, कुटलं, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना एकेक पुडी तोलून बांधली. चाळीस पुड्या पाठवतेय. एक पुडी, एक ग्लास. तू फक्त लिंबू पिळ, साखर आणि वाटलेला पुदिना घाल आणि ढवळ. ढवळायला जमेल ना?

तुझी नणंद


२१ एप्रिल

वन्सं,

पुड्या पोचल्या. आता मी काय सांगते ते खुर्चीत बसून वाचा.

चाळीसच्या चाळीस पुड्यांवर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे: "दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

आईंनी चष्मा लावला, पुडी उजेडात धरली, दोनदा वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जे मी गेल्या तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं. आता रोज जेवण झालं की एक ग्लास, बस. त्यावर घोटभर पाणीसुद्धा नाही. मधे दिलं तर म्हणतात, "डोस जास्त होईल." सकाळी दिलं तर म्हणतात, "उपाशीपोटी चालणार नाही." मी म्हटलं, अहो आई, हे सरबत आहे, औषध नाही. तर म्हणाल्या, "माझी लेक वीस वर्षं औषधांच्या दुकानात आहे. तिने काही विचार करूनच लिहिलं असणार." पुरावाच हातात मिळाला त्यांना. तुमचे दादासुद्धा वाचून म्हणाले, "अगं, मग दोनदाच दे ना."

मी आठ ग्लासांसाठी मर मर मरतेय आणि तुम्ही दोन ग्लासांवर शिक्कामोर्तब करून पाठवलंत. आधी निदान थोडं पाणी तरी पोटात जायचं, आता तेही बंद. धन्य आहे.

वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

सवय गं. पुडी हातात आली की हात आपोआप लिहितो. मला आठवतसुद्धा नाही कधी लिहिलं. सगळ्यांवर काट मार. सोबत आईला चिठ्ठी लिहिली आहे, की हे औषध नाही आणि हवं तितकं प्यायचं. तिला दे.

एक विचारायचं होतं. अजूनही दिवसातून तीनदाच बाथरूमला जाते का? मध्ये कधीच उठायचं म्हणत नाही? कळव.

तुझी नणंद


३० एप्रिल

प्रिय वन्सं,

"प्रिय" परत आलं, कारण जमलं!

तुमची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि घडी करून उशीखाली सारली, तिचा काही उपयोग झाला नाही. पण सोमवारी माझ्या शिलाई मशीनची मोटर जळली. दुरुस्तीवाला मशीन उचलून घेऊन गेला, म्हणाला दोन दिवस. रडकुंडीला आले, मग हातशिलाईचं काम तरी उरकावं म्हणून पडद्यांच्या खालच्या पट्ट्या घेऊन आईंच्या पलंगावर पाय पसरून बसले. त्या गडबडीत जिरं गॅसवर विसरले आणि करपलं. फेकायचा कंटाळा आला, तसंच कुटून घातलं. लिंबूही वाळकंच होतं. मीच एक घोट घेतला तर तोंड वाकडं झालं.

आई दोन्ही दिवस चार-चार ग्लास प्यायल्या! गप्पा मारत. पडद्याची दुमड कशी घालायची ते मला शिकवत. एकदा तर स्वतःहून म्हणाल्या, "तू बसलीच आहेस तर मला जरा नेऊन आण." तुम्ही विचारलं होतंत ना, तर हे उत्तर. तेव्हा वन्सं, तुमच्या वीस ग्रॅमला नमस्कार. जिरं करपायला हवं होतं, एवढीच गोम होती.

२ मे. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. मशीन काल परत आलं. मी मुद्दाम जिरं करपवलं, अगदी तितकंच काळं. मुद्दाम वाळकं लिंबू शोधून आणलं. दुपारभर शिवत बसले आणि मध्ये जाऊन ग्लास दिला. घोट. ओठ पुसले. "छान आहे हो."

मी हात टेकले. आज सकाळी उठताना त्यांना चक्कर आली. रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट वाईट आला तर भरती करायचं, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. आई ऐकत होत्या. भिंतीकडे तोंड करून झोपल्या. वन्सं, एकदा भरती केलं तर त्या खचतील, मला दिसतंय.

तुमची वहिनी


६ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला भलतीच बाटली देणार होते. जिरं करपव नाहीतर नको करपवू, त्याने काहीही होणार नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळत होतं.

गेल्या मे महिन्यात आई माझ्या बाथरूममध्ये पडली. मी दुकानात होते. अकराला पडली आणि साडेबाराला मी जेवायला आले तोवर तशीच ओल्या फरशीवर होती. हाड मोडलं नाही, पण एक बाजू सगळी काळीनिळी झाली होती. "तुझ्या दादाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणाली. मी लगेच कबूल झाले. तिच्यासाठी नव्हे गं, माझ्यासाठी. दादा विचारील, तू कुठे होतीस, म्हणून. गुडघे धरलेत हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलेलं कारण. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तिला एकटीने बाथरूममध्ये जायची भीती बसली आहे.

त्यानंतर ती माझ्याकडे वीस दिवस होती. त्या वीस दिवसांत माझं सरबत ती प्यायली नाही. "पूर्वीची चव राहिली नाही," म्हणायची. मी चिडून रोज नवं जिरं भाजायचे. तांब्याभर प्यायची ते पडायच्या आधी. तुला लिहिताना तेवढंच लिहिलं.

ती चवीला नाही म्हणत नाहीये वहिनी. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर तुला उठवावं लागतं. तू जवळ रिकामी बसलेली असलीस की ती पिते. तुझं मशीन चालू असलं की पीत नाही. तू पहिल्याच पत्रात लिहिलंस की मध्ये एकदाही हाक मारत नाही, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण ते सांगायचं तर पडल्याचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी ग्रॅम लिहीत बसले. तू म्हणालीस ते खरं होतं, मी राखून ठेवलं होतं.

दादाला तू सांग किंवा मी सांगते. तू म्हणशील तसं.

तुझी नणंद


११ मे

वन्सं,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून इतका राग आला की पडद्याची एक आख्खी बाजू उलटी शिवली. ती उसवत असताना दुसऱ्यांदा वाचलं.

वर्षभर! वर्षभर मी त्या गुडघ्यांना तेल चोळतेय वन्सं! रोज सकाळी, वाटी कोमट करून! आणि त्या मुकाट्याने चोळून घेतायत, वर सांगतायत, "डाव्याला जरा जास्त."

तुमच्याशी भांडण आहेच, ते भेटल्यावर. तुमच्या दादांना मी सांगितलं. त्यांनी शेजारून ड्रिल मशीन मागून आणलं आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा ठोकला. तिरका बसलाय. लांब उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "मस्त."

आईंना मी सरळ विचारलं. जमिनीवर कापड पसरून कापत होते, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आई, वन्संकडे पडलात ते मला कळलंय."

त्यांनी पांघरूण सरळ केलं. मग, "तिने सांगितलं?"

"हो."

"तिच्या पोटात काही राहत नाही."

"वर्षभर राहिलं की," म्हटलं.

मग हळूच म्हणाल्या, "तुझं मशीन चाललं की मला बरं वाटतं. घर चालल्यासारखं. ते थांबलं की मला कळतं, माझ्यामुळे थांबलं."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नाही. म्हटलं, "आई, दोरा तुटला तरी ते थांबतं. दिवसातून वीसदा तुटतो. मी कधी दोऱ्यावर रागावलेली बघितलीय?"

"बघितलीय," म्हणाल्या. "शिव्या देतेस."

मी कात्री उचलली आणि पुन्हा कापायला लागले.

मशीन त्यांच्या खोलीत हलवलंय. दर तासाला उठून मी विचारते, "जायचंय?" असं करून पाच-सहा ग्लासांपर्यंत पोचलोय. रिपोर्ट फारसा चांगला नाही, पण डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर मुदत दिलीय. तरी माझं समाधान नाही. मी विचारलं तर येतात, स्वतःहून अजून हाक मारत नाहीत. मी भाजी आणायला गेले तर परत येईपर्यंत ग्लास तसाच. आयुष्यभर तासातासाला मी विचारत राहणार का? मला त्यांची हाक हवी आहे, वन्सं.

तुम्ही त्यांना लिहा. मला नको, त्यांना. पडल्या त्या दिवसाबद्दल लिहा, जे दोघी वर्षभर गिळून बसलात. आणि त्यात जिऱ्याचा एक दाणा जरी आला, तरी मी पत्र फाडून टाकीन.

तुमची वहिनी


१७ मे

बाळ, तुला पुष्कळ आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं. रडारड फार केली आहेस, शाई फुटली आहे, दोन जागा तर लागल्याच नाहीत. तुझ्या वहिनीला मी ते दाखवलेलं नाही. तिने वाचलंच असेल.

तू दुकानात होतीस म्हणून मी दीड तास पडून राहिले, असं तू लिहिलं आहेस आणि त्याचा दोष वर्षभर उराशी घेऊन बसली आहेस. तसं झालं नव्हतं. तुझी शेजारीण पलीकडे भांडी घासत होती. मध्ये एक भिंत. तिचं गुणगुणणं मला ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर बाई ओल्या हाताने धावत आली असती. मी मारली नाही. अंगावर धड कपडे नव्हते, आणि अशा अवस्थेत कुणी बघण्यापेक्षा फरशी बरी, असं मला वाटलं. तू आलीस तेव्हा मी म्हटलं, ओरडून ओरडून घसा सुकला. ते खोटं होतं. तुला वर्षभर जाळलं त्या खोट्याने, हे तुझं पत्र वाचून कळलं. माझं चुकलं.

तुम्ही दोघींनी सव्वा महिना मला जिरं पाजलंत. तुझ्यात मिरी जास्त असते, तिच्यात साखर. दोन्ही बरी आहेत, उगाच भांडू नका. काल डॉक्टरीण येऊन गेली. भरती करायची गरज नाही म्हणाली, घरीच राहू दे.

परवा पडदे द्यायचे होते. खाली टेम्पोवाला उभा, शेवटचा पडदा मशीनवर, ती घामाघूम झालेली. आणि मला नेमकं तेव्हाच जावंसं वाटलं. पाच मिनिटं दात आवळून बसले. मग म्हटलं मरू दे, आणि हाक मारली. एकाच खोलीत असून अशी ओरडले की टेम्पोवाल्याने वर बघितलं. मशीन थांबलं. तुला वाटेल, ती हसत, डोळ्यांत पाणी आणून आली असेल. मुळीच नाही. कपाळाला आठ्या घालून आली. "आत्ताच सुचायचं होतं का हो आई!" म्हणाली आणि हात पुढे केला. इतके दिवस माझ्याशी गोड गोड बोलत होती, पाहुणी असल्यासारखी. परवा माझ्यावर करवादली आणि मला हलकं वाटलं. मीही म्हटलं, "मग काय मुहूर्त काढू?" दारापर्यंत दोघी भांडत गेलो.

तुझ्याकडे जूनमध्ये येईन म्हणते. तुझ्या शेजारणीला माझं नाव सांगून ठेव.

अजून लिहिणार होते, पण लिहिता लिहिता तिसरा ग्लास संपला आहे आणि आता जावं लागणार. ती इथेच समोर कापड कापत बसली आहे. मघापासून तिला कळलंय, तरी मान वर करत नाही. मी हाक मारीन म्हणून वाट बघते आहे लबाड. मारते.

आई